विहिरीचे पाणी, सातवीचा वर्ग आणि तज्ज्ञांना विचारलेले प्रश्न

अंगणशाळा (धागाकर्ती)

नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. मुलांचे प्रश्न थेट शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचवणारी जी संकेतस्थळे आहेत, त्यांचा वर्गात उपयोग करून पाहण्याचा प्रयत्न गेली दोन वर्षे चालू आहे. त्यात काही गोष्टी साधल्या आणि काही साफ फसल्या. इतर शिक्षकांना आणि पालकांना त्याचा उपयोग व्हावा, आणि तुमच्याकडून मलाही काही शिकता यावे, म्हणून हा धागा काढते आहे.

सुरुवात पत्र्याच्या एका डब्यापासून झाली. झाकणाला चीर पाडून तो वर्गाच्या दाराशी ठेवला आणि मुलांना सांगितले की विज्ञानातला कोणताही प्रश्न चिठ्ठीवर लिहून यात टाका, नाव लिहायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात निघालेल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर धड्याखालच्या स्वाध्यायातलेच प्रश्न होते. विज्ञानाचा प्रश्न म्हणजे पुस्तकात छापलेला प्रश्न, अशीच मुलांची समजूत होती आणि ती आम्हीच करून दिलेली होती. तिसऱ्या आठवड्यात मात्र एक चिठ्ठी निघाली, "डिसेंबरात विहिरीचे पाणी गरम कसे होते?"

मी लगेच उत्तर दिले की पाणी गरम होत नाही, हवा गार असते म्हणून ते आपल्याला गरम लागते. उत्तर चूक नव्हते. पण ज्या मुलीची ती चिठ्ठी होती (नंतर तिने स्वतःच सांगितले), तिने मान डोलावली आणि विषय तिथेच संपला. रोज पहाटे विहिरीवर जाणाऱ्या मुलीने हाताने अनुभवलेली गोष्ट मी एका वाक्यात "तुला तसे वाटते" म्हणून निकालात काढली होती, आणि ही बोच मला दिवसभर लागून राहिली.

त्या रात्री तो प्रश्न इंग्रजीत लिहून मी अशाच एका संकेतस्थळावर पाठवला. नवव्या दिवशी आलेल्या मजकुरात उत्तर नव्हतेच, उलट तीन प्रश्न होते. पाण्याचे तापमान मोजले आहे का? विहिरीत पाणी किती खोल आहे? त्याच वेळी हवेचे तापमान किती होते? मी हे फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग थोडा गोंधळला, कारण शास्त्रज्ञ आपल्याला उलटे प्रश्न विचारतो हे मुलांच्या कल्पनेतच नव्हते. मग कामाला लागलो. नुसता तापमापक दोरीने सोडला तर तो वर ओढेपर्यंत पारा बदलतो, हे पहिल्याच दिवशी कळले. तेव्हा एका मुलाने तो रुंद तोंडाच्या बाटलीत बांधून बाटलीसकट बुडवायची युक्ती काढली, म्हणजे वर येतानाही त्याच्याभोवती विहिरीचेच पाणी राहते. जानेवारीत सकाळी साडेसहाला हवा १२ अंश आणि पाणी २५ अंश सेल्सिअस भरले. मे महिन्याच्या सुट्टीत दोघींनी आपणहून दुपारी मोजले, तेव्हा हवा ३९ आणि पाणी २६ अंश.

हे आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर उत्तर मुलांनीच दिले. जमिनीखाली दिवसरात्रीचा फरक हात-दीड हातातच विरतो, ऋतूंचा फरकही सुमारे दहा मीटर खोलीवर फार थोडा उरतो, आणि तिथले पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहते, हे स्पष्टीकरण नंतरच्या उत्तरात आले. पण तोपर्यंत त्यांना ते ऐकण्याची भूक लागलेली होती. मग तीन पातेल्यांचा जुना प्रयोगही केला. एक हात गार पाण्यात, दुसरा सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा आणि नंतर दोन्ही हात मधल्या कोमट पाण्यात घालायचे. तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागते. माझे पहिल्या दिवशीचे वाक्य त्यांना आता खऱ्या अर्थाने समजले.

अशी संकेतस्थळे नवी नाहीत. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात 'मॅडसाय नेटवर्क' १९९५ मध्ये सुरू झाले. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी १९९७ पासून खगोलशास्त्राच्या प्रश्नांना उत्तरे देत आले आहेत आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे 'आस्क अ बायॉलॉजिस्ट' हेही त्याच सुमाराचे. मॅडसायवर दहा वर्षांत आलेल्या सुमारे ७९ हजार प्रश्नांचा अभ्यास इस्रायलमधील संशोधकांनी केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट मी माझ्या वर्गात डोळ्यांनी पाहिली आहे. विज्ञानात मुलग्यांना अधिक रस असतो असे मानले जाते, पण या संकेतस्थळावर शालेय वयात मुलींचे प्रश्न अधिक होते आणि हे वेगवेगळ्या देशांत दिसले. वय वाढते तसे हे प्रमाण घटत जाते, हेही त्यात नोंदवले आहे. माझ्या वर्गात हात वर करणारे बहुतेक मुलगे असतात, पण डब्यातल्या चिठ्ठ्यांचे हस्ताक्षर पाहिले तर अर्ध्याहून अधिक चिठ्ठ्या मुलींच्या निघतात.

आता फसलेले सांगते. पहिल्या उत्साहात आलेले सगळे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. निम्म्यांना उत्तर आले नाही, काहींना "हे तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे" असे उत्तर आले, आणि मुलांचा हिरमोड झाला. प्रश्न पाठवण्याआधी त्याच्यावर काम करावे लागते हे मला उशिरा समजले. हे काम नेमके कसे करावे, याविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

निवांत_वाचक

ताई, तुमच्या कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवून एक शंका मांडतो. माझा मुलगा आठवीत आहे. त्याने काही विचारले की मोबाईलवर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळते, तेही मराठीत, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असते. मग नऊ दिवस थांबून परदेशी प्राध्यापकांना तसदी कशासाठी द्यायची? मुलांचे कुतूहल ताजे असते तेव्हाच उत्तर मिळाले नाही, तर ते विझून जाण्याचाच धोका अधिक नाही का?

प्रयोगवही

मी वनस्पतींच्या जीवरसायनशास्त्रात काम करतो, सध्या अमेरिकेत आहे आणि काही वर्षे अशा एका संकेतस्थळावर स्वयंसेवक म्हणून उत्तरे लिहिली आहेत. पलीकडच्या बाजूला बसलेल्या माणसाला काय दिसते, ते सांगतो.

आमच्याकडे आलेले प्रश्न आधी कोणीतरी वाचून वर्गवारी करत असे. घरपाठाचे प्रश्न बाजूला पडत, तसेच जुन्या उत्तरांच्या साठ्यात ज्यांचे उत्तर आधीच आहे तेही. उरलेल्यांतून ज्याने त्याने आपापल्या विषयातला प्रश्न उचलायचा. हे काम कोणी पगारासाठी करत नाही. रात्री मुले झोपल्यावर किंवा प्रयोगशाळेत यंत्र चालू असताना मिळालेल्या तासाभरात उत्तर लिहायचे असते. त्यामुळे "प्रकाशसंश्लेषणाविषयी माहिती द्या" असा प्रश्न दिसला की हात पुढे होत नाही. "आमच्या परसातल्या पेरूची सावलीतली पाने उन्हातल्या पानांपेक्षा मोठी आहेत, आम्ही दहा दहा पाने मोजली, असे का?" असे कोणी लिहिले, की त्या मुलाला उत्तर दिल्याशिवाय झोप लागत नाही. प्रश्नात मुलाने स्वतः पाहिलेले काहीतरी असले पाहिजे, एवढी एक गोष्ट मी सांगेन. काय पाहिले, कुठे, केव्हा, किती वेळा, आणि त्याला स्वतःला काय कारण वाटते. हे शेवटचे फार महत्त्वाचे, कारण मुलाचा अंदाज चुकीचा असला तरी उत्तर कुठून सुरू करायचे ते त्यावरून कळते.

निवांत_वाचक यांच्या शंकेविषयी कांद्याचे उदाहरण देतो. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येते, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे ठरलेले उत्तर अनेक वर्षे असे होते की पेशी फुटल्यावर ॲलिनेज नावाचे विकर (एन्झाइम) गंधकयुक्त संयुगांवर काम करते आणि त्यातून डोळ्यांना झोंबणारा वायू आपोआप तयार होतो. हे उत्तर पुस्तकांत होते आणि मीही ते दिले असते. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की तो वायू आपोआप तयार होत नाही, त्यासाठी कांद्यात आणखी एक स्वतंत्र विकर असते. लसणातही ॲलिनेज असते, पण लसूण सोलताना आपण रडत नाही. हे उत्तर प्रत्येक घरातल्या स्वयंपाकघरात समोर पडलेले होते. एखाद्या मुलाने "मग लसणाने का नाही?" असे विचारले असते, तर ठरलेले उत्तर तिथेच अडखळले असते. मोबाईलवर अर्ध्या मिनिटात येणारे उत्तर ठरलेले असते. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण ते ऐकून मुलाला पुढचा प्रश्न सुचायला हवा, आणि त्यासाठी पलीकडे कोणीतरी "लसूण चिरून पाहिलास का?" असे विचारणारे लागते.

कृष्णाकाठ

मी निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक. प्रयोगवही यांनी मांडलेला मुद्दा एका खऱ्या घटनेने पुढे नेतो.

१९६३ मध्ये टांझानियातील इरास्तो म्पेम्बा हा शाळकरी मुलगा आइस्क्रीम करत होता. दूध उकळून, निववून मग शीतपेटीत ठेवायचे असते. पण जागा जाईल या भीतीने त्याने गरम दूधच आत ठेवले, आणि ते दुसऱ्या एका मुलाने न उकळताच ठेवलेल्या दुधाआधी गोठले. त्याने शिक्षकांना विचारले. शिक्षक म्हणाले, तुझा गोंधळ झाला आहे. पुढे वरच्या शाळेत त्याने पुन्हा विचारले तेव्हा तिथल्या शिक्षकांनी, हे म्पेम्बाचे भौतिकशास्त्र आहे, सगळ्या जगाचे नव्हे, असे बोलून त्याला गप्प केले आणि वर्गात ती थट्टाच होऊन बसली. तो याच शाळेत असताना दार-ए-सलामच्या विद्यापीठ महाविद्यालयातील प्राध्यापक डेनिस ऑस्बोर्न तिथे व्याख्यानाला आले. म्पेम्बाने त्यांना विचारले की ३५ अंशांचे आणि १०० अंशांचे सारखेच पाणी शीतपेटीत ठेवले तर गरम पाणी आधी गोठते, ते का? मुले हसली. ऑस्बोर्न यांनी मात्र प्रयोग करून पाहतो असे सांगितले आणि परत गेल्यावर तो खरोखर करून घेतला. १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला.

यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही. २०१६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी काळजीपूर्वक मोजमाप करून हा परिणाम खरोखर असतो का, यावरच शंका घेतली. म्हणजे कदाचित त्या शिक्षकांचे म्हणणे बरोबर ठरेलही, पण त्यांनी प्रयोग न करता मुलाला गप्प केले ते चूकच राहील. असे शिक्षक मी पाहिले आहेत. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही तसाच होतो, हे आज लिहिताना मनाला लागते.

आपल्याकडचे एक उदाहरण सर्वांना माहीत असेल. प्रा. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत की विज्ञानाचा एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे. सही मिळवायची म्हणून मुले प्रश्न शोधायला बसत, आणि विचारण्याजोगा प्रश्न सुचायला चार-चार दिवस लागतात हे त्यांच्या ध्यानात येई. नऊ दिवस थांबण्याला मी म्हणूनच घाबरत नाही. पोस्टकार्डाला त्याहून अधिक दिवस लागत असत.

नर्मदातीर

मी मूळची नागपूरची, पण माझे आयुष्य मध्य प्रदेशात गेले. या धाग्यावर सवालीरामचा उल्लेख यायलाच हवा.

१९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील (आता नर्मदापुरम) १६ शाळांत प्रयोगांवर आधारलेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' यांनी तो उभा केला आणि पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो चालवला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी मनात येईल तो प्रश्न सवालीरामला पत्राने विचारायचा आणि सवालीराम उत्तर पाठवणार. सवालीराम म्हणजे कोणी एक विद्वान नव्हता, उत्तरे शोधणाऱ्यांचा तो एक गट होता, आणि म्हणूनच मुलांना त्याची भीती वाटत नसे. ज्यांच्या गावात वीजही नव्हती, त्या मुलांकडे तज्ज्ञांपर्यंत जाणारी वाट होती, आणि ती हिंदीतून जात होती. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला, याचे दुःख आमच्या पिढीला आजही आहे. पण सवालीराम टिकला. 'संदर्भ' या नियतकालिकात तो सदराच्या रूपात राहिला आणि आता संकेतस्थळाच्या रूपात भारतातील वेगवेगळ्या भाषांतल्या मुलांचे प्रश्न गोळा करतो.

ताई, तुम्ही मुलीचा प्रश्न इंग्रजीत करून पाठवलात. त्यात काय हरवले, ते एकदा तपासून पाहा असे सुचवते. तिने "गरम कसे होते" असे लिहिले होते. तुम्ही इंग्रजीत "गरम का लागते" असे लिहिले असेल, तर तिची समजूत तुम्ही पाठवण्याआधीच दुरुस्त करून टाकली, आणि उत्तर देणाऱ्याला तिच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग राहिला नाही.

पणजीकर_आई

एक व्यवहाराची सूचना. मुलांचे पूर्ण नाव, शाळेचे नाव, छायाचित्र यांपैकी काहीही प्रश्नासोबत पाठवू नये. इयत्ता आणि जिल्हा एवढे पुरते. पत्ता शिक्षकांचा असावा आणि उत्तर आधी शिक्षकांनी वाचावे. माझ्या मुलीच्या शाळेत हे सांभाळले गेले नव्हते आणि आम्हाला नंतर बराच त्रास झाला, म्हणून आवर्जून लिहिते.

निवांत_वाचक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. काल रात्री मुलाला लसणाचा प्रश्न विचारला. त्याने मोबाईल घेतला नाही, स्वयंपाकघरात गेला आणि कांदा, लसूण, आले अशा तिन्ही गोष्टी चिरून आला. माझी शंका पूर्ण गेली असे म्हणणार नाही, कारण प्रत्येक प्रश्नाला थांबण्याइतका वेळ कोणत्याच घरात नसतो. पण सगळ्या प्रश्नांना एकाच मापाने मोजू नये, हे पटले.

अंगणशाळा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. नर्मदातीर ताईंनी नेमके बोट ठेवले. मी पाठवलेला मजकूर उघडून पाहिला आणि खरोखरच "गरम का लागते" असे लिहिलेले निघाले. आता मुलाचे वाक्य आधी मराठीत जसेच्या तसे देवनागरीत लिहायचे आणि खाली अनुवाद द्यायचा असे ठरवले आहे.

प्रयोगवही यांनी सांगितल्याप्रमाणे गेल्या आठवड्यात वर्गात एक प्रश्न घेऊन बसलो. सातवीतल्या एका मुलाची चिठ्ठी होती, "हातपंपाचे पाणी चांगले का?" चांगले म्हणजे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, थंडीत अंघोळीला चांगले. म्हणजे कोमट? हो. विहिरीपेक्षाही कोमट? हो. मोजलेस? नाही. मग शनिवारी मोजले. पाऊण तासाच्या त्या संवादानंतर मुलांनी लिहिलेला प्रश्न असा आहे:

"आमच्या गावात हातपंप आणि विहीर यांच्यात शंभर पावलांचे अंतर आहे. जानेवारीत सकाळी सात वाजता विहिरीचे पाणी २५ अंश आणि हातपंपाचे २७ अंश भरले. विहिरीला पाणी ९ मीटरवर लागते. बोअर ६० मीटर खोल आहे असे सरपंचांनी सांगितले. आम्हाला वाटते की खाली जमीन जास्त गरम असेल. वर्गातल्या काही जणांना वाटते की पंप मारताना दांडा घासून पाणी तापते. कोणाचे बरोबर?"

हा प्रश्न बाहेर पाठवण्याआधी इथे ठेवते आहे. त्यात काही कमी असेल तर सांगावे.

प्रयोगवही

ताई, हा प्रश्न कोणत्याही तज्ज्ञाने आनंदाने उचलावा असा आहे, आणि दांडा घासण्याचा अंदाज तर फारच आवडला, कारण तो तपासता येतो. उत्तर मी मुद्दाम देत नाही. पाठवण्यापूर्वी मुलांना दोन गोष्टी विचारा. २७ अंश हे पहिल्या बादलीचे तापमान आहे की दहाव्या? पंपाच्या नळीत रात्रभर जमिनीलगत थांबलेले पाणी आधी बाहेर येते, त्यामुळे प्रत्येक बादलीला मोजून तक्ता करावा. आणि विहिरीचे पाणी मोजताना बाटली पाण्याच्या पृष्ठभागापाशी होती की तळाशी? विहीर वरून उघडी असते, बोअर नसते. या वाक्यावर त्यांना थोडा वेळ विचार करू द्यावा.

अंगणशाळा (धागाकर्ती)

मोजमापाच्या वहीत पाहिले, बादलीचा क्रमांक लिहिलेलाच नाही. सोमवारी सकाळी सातला पुन्हा जातो आहोत. या वेळी दोरीवर हाताहाताच्या अंतराने गाठी मारून घेतल्या आहेत, म्हणजे बाटली किती खोल गेली ते मोजता येईल.